करंगळीचा टेकू

माझा भाऊ जितेश गणपतीचे डोळे काढतो. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तो स्वतः कुणाला धड सांगत नाही. विचारलं की म्हणतो, "कारखान्यात असतो." पेणच्या बाजूला नुसतं कारखान्यात म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं, डोलवीच्या कंपनीत असेल. त्याचं लग्न जमवताना आम्ही हा गैरसमज दोन दिवस तसाच राहू दिला होता. अनिता, म्हणजे माझी भावजय, ते अजून विसरलेली नाही.

त्याचा कारखाना म्हणजे जोह्यातला सखाशेठचा गणपतीचा कारखाना. तिथे साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंगरंग देणारे वेगळे आणि सगळ्यात शेवटी जितेश. तो एका बुटक्या स्टुलावर बसतो, मूर्ती पुढ्यात ओढतो, उजव्या हाताची करंगळी तिच्या गालावर टेकवतो आणि श्वास धरून पापणीची रेघ एका दमात ओढतो. ब्रश तीन बोटांत असतो, पण हात जागेवर ठेवते ती करंगळी. हे काम त्याला आमच्या वडिलांनी शिकवलं. आबांनी त्याला पहिला महिनाभर ब्रशला हात लावू दिला नव्हता. नुसती करंगळी टेकव, म्हणाले होते, आणि गाल कसा लागतो ते बघ.

त्या स्टुलाचे पुढचे दोन पाय करवतीने दोन बोटं कापलेले आहेत. पुढे कललेल्या स्टुलावर बसलं की पाठ न मोडता तोंड मूर्तीच्या तोंडाशी जातं. ही युक्तीही आबांचीच. जितेश गेली वीस वर्षं असा पुढे कलून बसतोय. मी रोह्याला शाळेत शिकवते, त्यामुळे महत्त्वाचं वाक्य दोनदा सांगायची मला सवय आहे: हे स्टूल लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. आबांचे, महिपतींचे, हात चोपन्नाव्या वर्षी थरथरायला लागले. कंपवात. एका मूर्तीचा डावा डोळा त्यांनी तीनदा पुसला, पुन्हा रंग दिला आणि चौथ्यांदा ब्रश धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवला. त्या दिवसानंतर ते कारखान्याची पायरी चढले नाहीत. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, पेणला जितेशकडेच असतात. चहा वाटीतून पितात आणि वाटी अर्धीच भरावी लागते, पण भरवून घेत नाहीत. स्वभाव आहे. तो मलाही मिळालाय असं माझे यजमान म्हणतात.

तर अशा घरातल्या माणसाने गेल्या संक्रांतीला सायकल घेतली. डोलवीचे एक साहेब बदली होऊन निघाले होते, त्यांची गिअरची सायकल. पेण ते जोहे साधारण नऊ किलोमीटर. सकाळी एसटीची वाट बघायची, ती आली नाही की रिक्षात दहावा म्हणून बसायचं, ह्याला तो कंटाळला होता. शिवाय बसून बसून पोट सुटलेलं. मी फोनवर म्हटलं, "जित्या, बेचाळिसाव्या वर्षी हायवेवर सायकल? आम्हाला काय पाहायला लावणार आहेस?" तर म्हणाला, "ताई, नुसतं बघू नकोस, वाच. मी लिहिणार हाय."

आणि खरंच ब्लॉग सुरू केला. नाव 'पेण ते जोहे'. दुपारी भाकरी खाऊन झाली की तो डोळे नसलेल्या मूर्तींच्या रांगेत बसून फोनवर लिहायचा. वाचक चार. मी, अनिता, माझी लेक आणि नागपूरचा कुणी अनोळखी गृहस्थ, जो प्रत्येक लेखाखाली एकच शब्द लिहायचा, "छान."

मी मराठीच शिकवते, म्हणून पहिल्यांदा लाल पेन घेऊनच वाचायला बसले होते. पण तो लिहायचा बरं. "दिवस सातवा. एका आजीने थांबवून विचारलं, पेट्रोल संपलं का रे बाबा. हो म्हटलं. तिने मला चिकू दिला." "दिवस बारावा. चार नंबरचा खड्डा बुजवला. शेजारी पाच नंबर उघडला." "दिवस एकविसावा. फाट्यावरचा काळा कुत्रा आज मागे धावला नाही. जरा वाईट वाटलं." मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत हे मोठ्याने वाचून दाखवायची. भावाचं कौतुक तोंडावर करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून त्याला कळवायची मात्र, की शुद्धलेखन सुधार.

मार्चच्या मध्यावर लेख थांबले. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. मी दोनदा फोन केला तर म्हणाला, काम जास्त आहे. ते खरंही असू शकत होतं. एप्रिलअखेर परदेशी जाणारा माल निघतो आणि त्या दिवसांत आखणीवाल्यांना, म्हणजे डोळे काढणाऱ्यांना, मान वर करायची फुरसत नसते.

मग अनिताचा फोन आला. ती सहसा मला फोन करत नाही, मेसेज करते. आवाज दबका होता.

"ताई, ह्यांना शर्टाची बटनं लागत नायत."

"म्हणजे?"

"म्हणजे बोटं ऐकत नायत. मला वाटलं, घाईत असतील. काल मोरीत दार लावून लावत व्हते. मी फटीतून बघितलं. दहा मिनिटं गो ताई, दोन बटनं."

आबांचंही बटणांपासूनच सुरू झालं होतं. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. आई त्यांची बटणं लावायची आणि आम्ही लहान नव्हतो तरी आम्हाला बाहेर पाठवायची.

रविवारी सकाळच्या एसटीने पेणला गेले. जाताना आबांसाठी पापलेट घेतलं, म्हणजे येण्याला काहीतरी कारण झालं. आबा पडवीत बसले होते. "काय गो सगुणा, मधीच?" म्हणाले. मासे दाखवले तेव्हा पिशवीत डोकावले. जितेशला मी मागच्या परसात गाठलं आणि सरळ म्हटलं, हात दाखव.

त्याने दाखवला. दिसायला काही नव्हतं. थरथर नव्हती. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची, बधिर. मी नखाने करंगळीचं टोक दाबलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला कळलंच नव्हतं की मी दाबतेय.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी संपताना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्या गेल्या. मला वाटलं बरं झालं." तो हसला, पण ते काही खरं हसू नव्हतं. "ताई, गाल लागत नाय. करंगळी टेकवतो, पन टेकली का नाय ते कळत नाय. तीन मूर्तींचे डोळे पुसले. डावाच. तिन्हींचा डावाच."

सखाशेठला त्याने चष्म्याचा नंबर वाढल्याची थाप मारली होती आणि सध्या मुकुट रंगवत होता. डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं असं, की डॉक्टरने नाव घेईपर्यंत ते आलेलं नाही. मी चिडले. भांडले. बेचाळीस वर्षांचा बाप्या आणि अक्कल पहिलीतल्या पोराची, असंही म्हटलं. मग तो म्हणाला, "मला दुसरं काय येतं गो?" कंपनीतली नोकरी गेली तर माणूस दुसऱ्या कंपनीत जातो. ह्याचा हात गेला तर ह्याने जायचं कुठे?

आबांना सांगायचं नाही, एवढं आम्ही तिघांनी ठरवलं. पुढच्या शनिवारी मी सुट्टी काढून येईन आणि कान धरून डॉक्टरकडे नेईन, असं सांगून मी रोह्याला परतले. एसटीत नागोठण्यापर्यंत रडले. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली.

आता कान्हूचं. रोह्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कान्हूचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि कान्हू. जितेशचे लेख वाचून मलाही हुरूप आला होता, म्हणून लेकीची जुनी सायकल काढून मी कधीमधी शाळेत जायची. बुधवारी ती पंक्चर झाली. कान्हू ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होता आणि मी बाकावर बसून भावाचे जुने लेख काढून बघत होते. खरं तर वाचत नव्हते, फोटो बघत होते. एका फोटोत कारखान्याच्या भिंतीला टेकवलेली त्याची सायकल होती, मागे फळीवर वाळत ठेवलेले गणपती.

कान्हूने हात पुसले आणि वाकून बघितलं. "कोनाची हो, बाई?"

"भावाची. पेणला असतो."

"बरा हाय ना भाऊ?"

मला विचित्र वाटलं. "असं का विचारतोस?"

"नाय, करंगळ्या मेल्या असतील त्याच्या."

मी शपथेवर सांगते, मी रोह्यात एका माणसाला काही बोलले नव्हते. यजमानांनासुद्धा अर्धवटच. माझ्या हातातला फोन जवळजवळ त्या घमेल्यात पडला असता. कान्हूने बोट फोटोवर ठेवलं. "ही सीट बघा. नाक पार खाली. मानूस पुढं घसरनार. घसरू नये म्हनून पंज्यांनी हँडल रेटनार. रोज रेटनार. इथं," त्याने स्वतःच्या तळहाताच्या मुळाशी, करंगळीखाली दाबून दाखवलं, "इथं शीर हाय. ती दबली का करंगळी आनि ही शेजारची, दोनी झोपतात. गेल्या साली दोन पोरं आली व्हती माझ्याकडं, अशीच. सीट सरळ केली, महिना दीड महिन्यात मोकळी."

मी पंक्चर तिथेच सोडून बाजूला गेले आणि जितेशला फोन लावला. हॅलो म्हणायची वाट बघितली नाही.

"तुझ्या सायकलची सीट पुढून खाली का आहे?"

तो म्हणाला, "मीच केली."

"का?"

"साहेबानं सरळ दिलती. तिच्यावर बसल्यासारखं वाटत नव्हतं."

"कशावर बसल्यासारखं?"

फोनवर मागे कुणीतरी घासकागद ओढत होतं, तो आवाज येत राहिला. "स्टुलावर," तो म्हणाला. आणि मग एकदम, "आयला, ताई."

वीस वर्षं पुढे कललेल्या फळीवर बसलेल्या माणसाला सरळ सीट वाकडी वाटली, म्हणून त्याने पाना घेऊन ती स्टुलासारखी केली. स्टुलावर पाय जमिनीला असतात आणि हातावर काही भार नसतो. सायकलवर तो सगळा भार हातांवर आला. जगात लाखो लोक सायकल चालवतात, पण ही चूक करायला पेणचा आखणीवालाच पाहिजे.

तरी माझा कान्हूवर पुरता विश्वास बसला नव्हता, खोटं कशाला बोलू. शनिवारी गेले आणि त्याला पेणमधल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता तोही आढेवेढे न घेता आला. डॉक्टरांनी त्याच्या बोटांत कागद धरायला लावला, ओढून बघितला, मनगट ठोकलं, चालायला लावलं, आबांचंही सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, कंपवाताचं लक्षण नाही. तळहाताशी शीर दबलीय. सायकल बंद, बोटांचे व्यायाम, चार आठवड्यांनी परत या. वेळेत आलात, आणखी दोन महिने रेटलं असतंत तर अवघड होतं.

माझा जीव भांड्यात पडला. जितेशने डॉक्टरांना दोनदा विचारलं, "नक्की ना?" तिसऱ्यांदा विचारणार होता, मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी दोन-दोन प्लेट भजी खाल्ली. अनिताला फोन केला तर ती फोनवरच आधी रडली आणि मग तिने सायकलीला शिव्या घातल्या, बऱ्याच आणि निवडक.

सोमवारी त्याने सखाशेठला खरं सांगितलं. सखाशेठ भडकले, पण वेगळ्याच गोष्टीवर. "म्हंजे पंधरा दिस डोळं मिचकावत होतास ते नाटक व्हय? मी तुझ्यासाठी माझ्या सोयऱ्याच्या दुकानात चष्मा सांगून ठेवला!" मग हमरापूरहून दोन मुली आखणीला बोलावून घेतल्या आणि ह्याला सांगितलं, मुकुट रंगव, घाई नाय.

चार आठवडे तो एसटीने आणि रिक्षाने गेला. रोज सकाळी कारखान्यात पोहोचला की पहिल्या मूर्तीच्या गालावर करंगळी टेकवून बघायचा. रोज रात्री मला मेसेज यायचा, "नाय." पुढे पुढे "थोडं." माझी परीक्षेची कामं चालू होती आणि पेपर तपासताना मी त्या एका शब्दाची वाट बघत बसायची. पंचविसाव्या दिवशी मेसेज नाही, फोन आला, भर शाळेच्या वेळात.

"ताई, गार लागला."

"काय?"

"गाल."

मी शाळेच्या व्हरांड्यात पायरीवर बसले. चौथीतली दोन पोरं बाई पडल्या का म्हणून बघायला आली. मी त्यांना सांगितलं, नाही पडले, खूप बरं वाटतंय. त्यांना ते पटलं नाही, पण ती गेली.

त्या आठवड्यात त्याने पहिला डोळा काढला. डावाच आधी. पुसावा लागला नाही.

एप्रिलचा शेवटचा रविवार. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, हातमोजे घाल आणि मुख्य म्हणजे सीट सरळ कर म्हणून. मी पेणला गेले होते. जितेश अंगणात सायकलवरची धूळ पुसत होता. सकाळीच त्याने दीड महिन्यानंतर पहिला लेख टाकला होता. आबा पडवीत होते. म्हणाले, "सगळी वाचता, हसता. मलाबी वाच की गो. काय लिवतो तो?"

मी काही आधी वाचलेला नव्हता. चष्मा लावला आणि सुरू केलं. सुरुवातीला खड्डे होते, कुत्रा होता, आबा हसले. मग स्टूल आलं. मग सीट. मग करंगळी. मला वाटलं थांबावं, पण माझं थांबणंही त्यांना कळलं असतं. मी वाचत गेले आणि ते वाक्य आलंच: "आबांना आम्ही काही सांगितलं नाही. मला वाटलं होतं, त्यांचंच माझ्यात आलं. ते त्यांना कसं सांगायचं?"

जितेशचं फडकं थांबलं. अनिता दारात येऊन उभी राहिली. नागपूरच्या गृहस्थाने खाली लिहिलं होतं, "मीही माझी सीट तपासली." एकदाचे चार शब्द लिहिले त्या माणसाने. ते मी वाचलं, पण हसायला कुणी नव्हतं.

आबा अंगणाकडे बघतच म्हणाले, "मला ठावं व्हतं."

"आबा..."

"मोरीचं दार लावून बटनं लावायचं मी नाय केलंय का? मला काय शिकवता." त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, नेहमीसारखाच. "दीड महिना ह्या हाताकडं बघत बसलो. म्हटलं, पोराला घर दिलं नाय, शेत दिलं नाय. एक हात दिला व्हता, त्यात हे घातलं."

आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. एका घरात, एका पडवीत. मला स्वतःचा राग आला, आणि त्यांचाही.

ते उठले. आत गेले आणि वाटी घेऊन आले, त्यांची चहाची स्टीलची वाटी, पाण्याने भरलेली. अर्धी नव्हे, पूर्ण. अनिता घ्यायला पुढे झाली, तर "सोड," म्हणाले. पडवीपासून सायकलीपर्यंत पाण्याचे शिंतोडे पडत गेले. कारखान्यात मूर्तीचा पाट सरळ बसलाय का ते आबा असंच बघायचे, वाटीत पाणी घेऊन. पोचेपर्यंत ती अर्धीच राहिली होती.

त्यांनी वाटी सीटवर ठेवली. ती पुढे घसरली, जितेशने झेलली. "बघ," आबा म्हणाले, "आनि म्हनं आखणीवाला." जितेशने पाना घेतला, बोल्ट सैल केला, सीटचं नाक वर उचललं, पुन्हा आवळला. आबांनी पुन्हा वाटी ठेवली. त्यांच्या हातात असेपर्यंत पाणी नाचत होतं. मग त्यांनी हात काढला. पाणी एकदा काठाला लागलं, परत आलं आणि थांबलं. आम्ही चौघं त्या वाटीत बघत उभे होतो.

आबांनी जितेशचा उजवा हात ओढून घेतला, स्वतःच्या दाढी वाढलेल्या गालावर त्याची करंगळी टेकवली आणि विचारलं, "लागतं?"

"लागतं, आबा. टोचतं."

"म्हंजे माझं नव्हतं ते," आबा म्हणाले. मग त्यांनी सीटवरची वाटी उचलली आणि उरलेलं पाणी, निम्मं सदऱ्यावर सांडत, पिऊन टाकलं.